जाण्याआधी दोघी

धैर्य आणि धृती यांत आपण नेहमी गल्लत करतो. धैर्य प्रसंगी प्रकटते आणि प्रसंगासह ओसरते. धृतीला प्रसंगाची गरज नसते. ती रोज सकाळी उठते, पदर खोचते आणि कालचेच काम पुन्हा हाती घेते. आमच्या प्रसूतिगृहातल्या मोठ्या सिस्टर या अशा धृतीच्या धनी होत्या. तिथल्या वीस खाटांभोवती त्यांची चौतीस वर्षे गेली, आणि अखेरच्या वर्षी त्यांना एकच ध्यास होता: हे दार बंद होऊ द्यायचे नाही.

दार बंद होण्याचे कारण उघड होते. परिचारिका एकामागून एक परदेशी चालल्या होत्या. समुद्रापलीकडच्या संपन्न देशांत वृद्ध उदंड झाले आणि त्यांना कुशीवर वळवायला हात उरले नाहीत. इथे हात होते, पण एकटीने दोघींची पाळी करूनही बढतीची आशा नव्हती. पाणी उताराकडे जाते, त्याला कोण दोष देणार? नियम मात्र निष्ठुर होता. प्रशिक्षित परिचारिका पाचांहून कमी झाल्या की प्रसूतिगृहाला टाळे. मग कळा सुरू झालेल्या बाईने बसने दोन तास जायचे. त्या वर्षी नेमक्या पाच होत्या. त्यांतल्या सिस्टर स्वतः वर्षअखेर निवृत्त होणार होत्या, आणि पाचांतल्याच एकीला, त्यांच्या सख्ख्या बहिणीच्या मुलीला, परदेशी नोकरीचे पत्र आले होते. पाच आठवड्यांत हजर व्हायचे होते.

"मावशी, अनुभवाच्या दाखल्यावर सही कर ना."

"जाण्याआधी नव्या दोघी तयार कर, लगेच करते."

"एक झालीय की! दुसरी होईल हळूहळू."

"हळूहळू कोण करणार? तू तिकडून फोनवर?"

"बाकीच्या गेल्या त्यांना नाही अडवलंस. मी घरची सापडले म्हणून?"

"त्या गेल्या तेव्हा मी गाफील होते. आता शहाणी झालेय. तुझं नशीब."

कायद्यापुढे हा हट्ट टिकला नसता, हे सिस्टरांनाही ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी बहीणच भांडायला आली. "ताई, पोरगी काही सहलीला नाही चाललेली. तुला लेकरू नाही, म्हणून माझं बांधून ठेवणार होय?"

सिस्टरांनी तिला बसायला खुर्ची दिली. मग म्हणाल्या, "बांधत नाही गं. खुशाल जाऊ दे. फक्त मागचं दार सताड उघडं टाकून नको."

'तयार' होण्याची त्यांची कसोटी ठरलेली होती. डोळे मिटून गर्भवतीच्या पोटावर दोन्ही तळवे ठेवायचे आणि बाळाचे डोके कुठे, पाठ कुठे, ते सांगायचे. दहा बायका, दहा अचूक उत्तरे. यंत्र होतेच, पण "वीज गेली की यंत्र झोपतं, बाळ नाही झोपत," असे त्या म्हणत.

तीन आठवड्यांनी भाचीने एका नवशिक्या परिचारिकेला पुढे केले. "दहापैकी दहा, मावशी."

सिस्टरांनी तिला अकराव्या बाईपाशी नेले. मुलीने डोळे मिटले, हात ठेवले. "डोकं खाली."

सिस्टरांनी स्वतः हात लावून पाहिले, नकारार्थी मान हलवली आणि त्या भाचीकडे वळल्या. "त्या दहाही जणींचं डोकं खालीच होतं ना?"

भाचीची मान खाली गेली. दिवस भरत आले की बहुतेक बाळे डोके खालीच करतात. तशाच दहा जणी निवडल्या, तर एकच उत्तर घोकणारीही पैकीच्या पैकी गुण मिळवते. ही हातचलाखी फक्त या कामात मुरलेल्यालाच सुचावी.

इतक्यात फरशी पुसणारी बाई थांबली. शेजारच्या देशातून आलेली, तीन वर्षे या प्रसूतिगृहातच राबणारी. तुटक बोलीत ती म्हणाली, "मी बघू?"

खाटेवरची बाई हसली. "बघा, बघा. एवढ्या जणींनी बघितलं. नाहीतर बाळालाच विचारा!"

फरशी पुसणारीने हात स्वच्छ धुतले, डोळे मिटले. "डोकं वर. पाठ उजवीकडे. पाय दुमडलेले नाहीत, सरळ वर आहेत."

सिस्टरांनी पुन्हा चाचपले. अक्षरन् अक्षर खरे होते.

"किती वर्षं केलंस हे काम?"

"अकरा. मग तिकडे बंदुका आल्या. तिकडचे कागद इथे चालत नाहीत."

"मला सांगायचं नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाही."

साऱ्यांसमोर सिस्टर म्हणाल्या, "भाचीनं तीन आठवडे फसवलं. मी तीन वर्षं आंधळी होते. माझी चूक मोठी."

भाचीने त्याच दिवशी परदेशी पत्र पाठवून महिन्याची मुदत मागितली. जागा गेली तर गेली, म्हणाली. त्या महिन्यात तिने नवशिकीला खरोखर घडवले आणि फरशी पुसणाऱ्या त्या बाईला परीक्षेपुरते इथले लिहिणे-वाचणे शिकवले. परिचारिका म्हणून तिच्या नोंदणीसाठी सिस्टरांनी कचेरीच्या अकरा खेपा घातल्या.

"सिस्टर, निवृत्तीचं वय झालं की हो तुमचं," कारकून वैतागून म्हणाला.

"माझं झालं. तुमच्या फायलीचं कधी होणार?"

ती परीक्षेत उतरली, नोंदणी झाली. समुद्रापलीकडेही टंचाईच होती, त्यामुळे भाचीची जागा टिकली. सिस्टरांनी दाखल्यावर सही केली आणि तिला फाटकापर्यंत पोचवले.

परत येऊन त्यांनी त्या बाईला विचारले, "तू इकडे आलीस. तुझ्या गावात आता कोण आहे?"

"कोणी नाही."

आपल्या घराचे भगदाड आपण दुसऱ्याच्या भिंतीची वीट काढून बुजवले, हे सिस्टरांना उमगले. "गोळीबार थांबला की रजा घेऊन गावी जा," त्या म्हणाल्या. "तुलाही नियम तोच. तिथे दोघी तयार कर."

दोन वर्षांनी तिकडे शांतता झाली. त्यानंतर ती दरवर्षी महिनाभर गावी जाऊ लागली. पहिल्या खेपेला सिस्टरांनी निवृत्त असूनही कचेरीत बसून तिची रजा मंजूर करून घेतली.

सिस्टर गेल्या वर्षी निवर्तल्या. प्रसूतिगृह चालू आहे. तिथे आज सात परिचारिका आहेत, आणि सीमेपलीकडच्या त्या गावात दोघी.