चार माणसांत काय सांगितलं

सांगली सोडली त्या दिवशी बाबा आतल्या खोलीतून बाहेर आलेच नाहीत. आईने डबा हातात दिला आणि म्हणाली, "लग्न न करता त्याच्याकडे राहायला निघालीस. चार माणसांत काय सांगायचं आम्ही?" ताई, तू रिक्षापर्यंत माझी बॅग घेऊन आलीस. सुधीर नोकरीसाठी आधीच म्हैसूरला आला होता.

इथे आम्ही कोणाला खोटं सांगितलं नाही. शेजारच्या यमुनक्का जुन्या म्हैसूरकर मराठी, बोलताना निम्म्या कानडी. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "मंगळसूत्र कुठंय गं?"

"लग्नच नाही केलं, अक्का," सुधीर म्हणाला.

"अय्यो! मग नवरा-बायकोसारखं भांडताय कशाला?"

बन्नीमंटपाजवळचं हे घर दोघांनी मिळून निवडलं. कर्ज सुधीरला मिळालं, म्हणून घर त्याच्या नावावर झालं. माझं नाव नंतर घालू, असं म्हणत राहिलो. उन्हाळ्यात तो ऑफिसातच कोसळला, घरी आलाच नाही.

आता त्याच्या आईच्या वतीने त्याचा भाऊ रविवारी ताबा घ्यायला येतोय. मी दिवसाही कडी लावून बसते. कुकरची शिट्टी झाली तरी दचकते. पुस्तकं वेगळी करायला घेतली, तर कुठली त्याची आणि कुठली माझी तेच कळेना. तशीच परत लावून ठेवली.

नजरबादच्या वकीलबाई म्हणाल्या, मृत्युपत्र नाही, लग्न नाही, म्हणजे घर त्याच्या आईचं. लोक तुम्हाला नवरा-बायकोच समजत होते असं दाखवता आलं, तर थोडी आशा आहे. मग त्यांनी विचारलं, "चार माणसांत तुम्ही काय सांगत होता?"

आईचाच प्रश्न, इतक्या वर्षांनी. "खरं ते," मी म्हणाले. त्यांनी पेन खाली ठेवलं.

यमुनक्कांना हे सांगितलं, तर त्या पदर खोचून उभ्या राहिल्या. "कोर्टात मी सांगते, ह्यांच्या लग्नाला मी होते! चामुंडी बेट्टावर, देवीच्या डोंगरावर झालं, पायस मीच वाढलं. मुगीतु, संपलं!"

क्षणभर भीती गेली. ते लग्न मला दिसलंसुद्धा. सुधीर घामाघूम, उपरणं सावरतोय. मग मी म्हणाले, "नको, अक्का." त्या रागावून निघून गेल्या. संध्याकाळी निरोप आला: रविवारी सकाळपासून त्या माझ्याकडे बसणार आहेत.

ताई, जिथे खोटं बोलावं लागत नाही ते घर, असं समजून मी आले होते. अजूनही तसंच समजते. पण रविवारनंतर ते कुठे असेल, मला माहीत नाही. मला फार भीती वाटते आहे.