कॉलम शार्प, बीम धूसर

“फोटोवाली आली. म्हणजे आता आपली वाट लागली.”

वरच्या जिन्यावर कोणीतरी कोणाला तरी म्हणालं. हळूच म्हणालं, पण रिकाम्या जिन्यात आवाज खालपर्यंत येतो. मी तळमजल्यावर कॅमेऱ्याची बॅग उघडत होते. मान वर केली नाही.

मी तेव्हा अंधेरीच्या एका स्ट्रक्चरल ऑडिट करणाऱ्या फर्ममध्ये होते. जुनी इमारत राहण्याजोगी आहे की नाही, हे इंजिनीअर तपासतात, त्याला ऑडिट म्हणतात. ठोकून बघणं, काँक्रीटच्या चाचण्या घेणं ही त्यांची कामं. माझं काम फोटो. रहिवाशांच्या हिशेबात मात्र आधी कॅमेरा येतो, मग नोटीस येते, मग घर जातं. त्यामुळे माझ्याशी फारसं कोणी बोलत नाही. मला ते सोयीचं होतं.

ही इमारत मुलुंड पूर्वेला. चार मजले, लिफ्ट नाही.

त्या सकाळी ऑफिसच्या कपाटासमोर मी बराच वेळ उभी होते. कपाटात दोन लेन्स होत्या. दोन्ही स्टँडर्ड झूम, म्हणजे रोजच्या कामाच्या. त्यांत अख्खी खोली मावते आणि थोडं जवळचंही घेता येतं. एक चोवीस-सत्तर. जड, पण दोन पॉइंट आठपर्यंत उघडते. हा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं भोक मोठं आणि उजेड जास्त. दुसरी चोवीस-एकशेपाच. ती चारपर्यंतच उघडते, म्हणजे उजेड निम्मा. पण तिचा पल्ला लांब, आणि हात हलला तरी चित्र स्थिर ठेवायची सोय तिच्यात आहे.

दोन्ही का नेल्या नाहीत? कारण साइटवर लेन्स बदलायची नाही, असा करंदीकर सरांचा नियम होता. सर म्हणजे आमचे बॉस. एकदा लेन्स बदलताना सिमेंटची धूळ आत गेली आणि सेन्सरवर ठिपका बसला. त्या रिपोर्टमध्ये प्रत्येक कॉलमला, म्हणजे उभ्या खांबाला, एकाच जागी भोक दिसत होतं. सोसायटीने विचारलं, “साहेब, हे उंदीर आहेत का?” तेव्हापासून सकाळी कपाटासमोर काय ते ठरवायचं आणि दिवसभर ते निभवायचं.

फ्लॅशही वापरायचा नाही. समोरून प्रकाश मारला की भिंत सपाट दिसते आणि बारीक भेगा नाहीशा होतात. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड पकडायची ताकद, फार वाढवायची नाही. ती वाढवली की चित्रात दाणे येतात आणि कुठला दाणा, कुठली भेग ते कळत नाही.

सरांनी दिलेल्या यादीत त्या दिवशी बहुतेक सगळे तळमजल्यावरचे कॉलम होते. जिन्याखाली अंधार असणार. मी चोवीस-सत्तर उचलली. निर्णय चुकीचा नव्हता, हे मला आजही वाटतं.

यादीतला सातवा कॉलम जिन्याखाली, परबांच्या दाराला लागून. परबकाका प्लास्टिकच्या खुर्चीत पेपर वाचत बसले होते. मला बघून उठले आणि खुर्ची बाजूला घेतली. काकू दारात आल्या.

“मोबाईलवर नाय येत फोटो?” त्यांनी विचारलं.

“येतो. पण भेग मोजता येत नाही.”

“एवढा मोठा घेऊन फिरतेस. हात दुखत नाय?”

मी हसले. काकांनी पेपरातून मान वर काढली. “अगो, तिका काम करू दे. फोटोत तुझा तोंड येयत, मग बिल्डिंग उद्याच पाडतीत.”

“तुमचा येयत तर आजच पाडतीत,” काकू म्हणाल्या.

जिन्यावरून माणसं सारखी खाली-वर करत होती, त्यामुळे ट्रायपॉड लावायला जागा नव्हती. मी कॅमेरा हातात धरला, लेन्स पूर्ण उघडली, दोन पॉइंट आठ, आणि कॉलमवर फोकस केला. लेन्स जितकी उघडावी तितका स्पष्ट दिसणारा भाग पातळ होतो. कॉलम स्पष्ट आला, की त्याच्या हातभर मागे असलेलं धूसर होतं. फोटोग्राफीच्या पहिल्या आठवड्यात हे शिकवतात. लग्नाच्या फोटोत नवरीमागची गर्दी याच युक्तीने पुसतात.

कॉलमला उभी भेग होती. तिच्याशेजारी मोजपट्टी चिकटवून मी चार फोटो काढले. मग कॅमेरा खाली घेतला, तेव्हा मागचा बीम दिसला. बीम म्हणजे आडवी तुळई, वरचं ओझं कॉलमपर्यंत नेणारी. कॉलमपासून दीडेक फूट आत, बीमच्या खालच्या अंगाला एक भेग लांबीच्या दिशेने गेली होती आणि तिच्या कडेला गंजाचा तपकिरी डाग उतरला होता. आतली सळई गंजली की फुगते आणि बाहेरचं काँक्रीट ढकलते. त्याला असाच डाग पडतो. तीन वर्षं अशा भेगांचे फोटो काढल्यावर एवढं मलाही कळत होतं.

बीम यादीत नव्हता.

काकू माझ्या नजरेकडे बघत होत्या. “काय गो? ह्यां काय पडूचां नाय मा?”

मी म्हणाले, “सर सांगतील. रिपोर्टमध्ये येईल सगळं.”

हे वाक्य मला ऑफिसने शिकवलेलं होतं. कामाला लागले त्या वर्षी घाटकोपरच्या एका साइटवर मी एका बाईंना सांगितलं होतं, की ही बाल्कनी मला ठीक वाटत नाही. त्यांनी सोसायटीत आरडाओरडा केला. सर मला सगळ्यांसमोर म्हणाले, “तू फोटो काढ. इमारतीचं निदान मी करतो.” त्यानंतर मी साइटवर नाव आणि मजला सोडून काही बोलत नसे.

बीमचा वेगळा फोटो मी काढला नाही. कॉलमच्या फोटोत मागे तो येतोच आहे, असं मनाशी म्हटलं. धूसर येणार, हेही माहीत होतं.

संध्याकाळी सर स्क्रीनवर फोटो बघत होते. ते स्वतः पहिल्या दिवशी इमारत फिरून आले होते, चाचण्या झाल्या होत्या. बाकी रिपोर्ट फोटोंवरूनच लिहायचा, हीच आमची पद्धत. एका महिन्यात इतक्या इमारती असायच्या, की दुसऱ्यांदा जाणं होत नसे.

“सातवा छान आलाय,” सर म्हणाले आणि भेगेभोवती लाल गोल केला. “इथे प्रॉप लावायला सांगू.” प्रॉप म्हणजे लोखंडी टेकू.

मी म्हणाले, “सर, मागचं जरा सॉफ्ट आलंय.”

“कॉलम शार्प आहे ना?”

“हो.”

“मग झालं. पुढचा.”

मी पुढचा फोटो उघडला.

रिपोर्ट गेला. इमारत दुरुस्त होण्यासारखी आहे, सोडायची गरज नाही, सात नंबरच्या कॉलमला टेकू द्यावा. सोसायटीचे सेक्रेटरी राणे यांनी सरांना फोन करून आभार मानले. लोकांना घरं सोडायची नव्हती. टेकू दोन दिवसांत लागले.

नवव्या दिवशी दुपारी बीमच्या खालच्या अंगाचं काँक्रीट सुटलं. परबकाका नेहमीसारखे खुर्चीत बसले होते. टेकूंनी खुर्चीची जुनी जागा घेतली होती, म्हणून त्यांनी खुर्ची थोडी आत सरकवली होती. बरोबर बीमखाली.

काका वाचले. उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. स्क्रीनवर माझा फोटो होता. बीमचा भाग मोठा, आणखी मोठा करत त्यांनी तो पूर्ण स्क्रीनभर आणला. राखाडी ढगासारखं काहीतरी दिसत होतं.

“भेग दिसते का तुला इथे?”

“नाही, सर.”

“मलाही नाही.” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. सर वाईट माणूस नव्हते. घाबरलेले होते. “दुसरी लेन्स नेली असतीस तर आली असती?”

“बघून सांगते,” मी म्हणाले.

जेवणाच्या सुट्टीत मी फायलींचं कपाट कॉलम समजले. त्याच्या दीड फूट मागे भिंतीवर कागद लावून पेन्सिलने एक रेघ मारली आणि पडदे ओढले. चोवीस-सत्तर, दोन पॉइंट आठ: रेघ गायब. मग चोवीस-एकशेपाच घेतली, आकडा आठवर नेला, श्वास धरला. स्थिर ठेवायच्या सोयीमुळे हातातही फोटो हलला नाही. रेघ दिसत होती. फार स्पष्ट नाही, पण विचारण्याइतकी.

मी सरांना तसं सांगितलं.

“म्हणजे इक्विपमेंटचा प्रश्न,” ते म्हणाले. त्यांना जरा बरं वाटलेलं दिसलं. खरं सांगायचं तर मलाही वाटलं. रात्रभर मी तेच घोकत राहिले, लेन्स चुकली. सकाळी उठल्यावर ते टिकलं नाही. हातातली लेन्स तशीच ठेवून बीमवर फोकस केला असता, तरी एका क्लिकमध्ये भेग आली असती.

रविवारी सकाळी सोसायटीच्या आवारात मीटिंग होती. सरांनी मला बरोबर घेतलं. “विचारलं तर फोटो कधी काढले एवढंच सांग.” चाळीसेक माणसं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसली होती. परबकाकू शेवटच्या रांगेत, मांडीवर हॉस्पिटलची फाईल. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

राणे उभे राहिले. “मला कोणाला दोष द्यायचा नाही. पण गेल्या आठवड्यात परबांच्या मोरीचा पाइप बदलला. प्लंबरने हातोडा मारला, सगळ्यांनी ऐकलाय. बीम त्याच भिंतीला आहे. उद्या पोलीस सोसायटीला विचारणार. आपण सगळ्यांनी का अडकायचं?”

“मोरी ह्या टोकाक, बीम त्या टोकाक,” काकू म्हणाल्या. “चार ठोके मारल्यान. चार ठोक्यांनी काय बीम पडता?”

“काकू, प्लीज. साहेबांना बोलू द्या.”

सरांनी फोटोची मोठी प्रिंट आणली होती. ती त्यांनी वर धरली. “हा ऑडिटच्या दिवशीचा फोटो. या फोटोनुसार तरी बीममध्ये भेग दिसत नाही.”

सरांनी खोटं सांगितलं नव्हतं. दिसत नाही, एवढंच म्हणाले होते. पण खुर्च्यांवर त्याचा अर्थ लगेच बदलला.

“म्हणजे आधी नव्हतीच.”

“मग नंतरच झाली ना ती?”

“मी तर तेव्हाच बोललो होतो, परमिशनशिवाय तोडफोड करू नका. ऐकतं कोण यार.”

एक माणूस मागे वळून काकूंना म्हणाला, “सही करून टाका ना काकू, की काम तुम्ही काढलंत. विषय संपेल.” राण्यांच्या हातात तो कागद तयार होता. काकूंनी फाईल बाजूच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली आणि चष्मा शोधायला लागल्या. त्या खरंच सही करणार आहेत, असं मला दिसलं.

पुढे काय झालं ते आधी सांगून टाकते. त्या कागदावर सही झाली नाही. सरांनी रिपोर्ट मागे घेतला. दुसऱ्या फर्मने नव्याने ऑडिट केलं आणि आणखी तीन बीम तसेच निघाले. इमारत रिकामी झाली. लोकांनी जिना उतरताना मला काय काय म्हटलं असेल, ते मी ऐकायला नव्हते. पोलिसांनी माझा जबाब घेतला, तो माझ्याही विरुद्ध जातो. मी ती नोकरी सोडली. आता दुसऱ्या ठिकाणी हेच काम करते. तिथे दोन्ही लेन्स आहेत आणि कुठली चांगली असं नवीन मुलं विचारतात. मी सांगते, उजेड कमी असेल तर ही, मागचंही स्पष्ट हवं असेल तर ती, आणि यादीत नसलेलं काही दिसलं तर त्याचा वेगळा फोटो काढायचा आणि तोंडानेही सांगायचं. कुठल्याच लेन्समध्ये ती सोय नसते.

काकांचा पाय काही परत आला नाही. काकू मला त्यानंतर भेटल्या नाहीत.

त्या रविवारी मीटिंगमध्ये मी उभी राहिले तेव्हा कोणाचं लक्ष नव्हतं. माझी सगळी शाळा इंग्रजीत झाली आणि चाळीस माणसांसमोर मी कुठल्याच भाषेत कधी बोलले नव्हते. सरांनी मान हलवून मला बसायची खूण केली.

“भेग होती,” मी म्हणाले.

“काय म्हणते ती?” पुढच्या रांगेतून कोणीतरी विचारलं.

“मॅडम, जोरात बोला,” राणे म्हणाले. “ऐकू येत नाही.”

“त्या दिवशी बीममध्ये भेग होती. गंजाचा डागही होता. मी कॉलमवर फोकस केला म्हणून फोटोत ती आली नाही. पण मी ती डोळ्यांनी पाहिली होती. काकूंनी मला तिथेच विचारलं होतं, हे पडणार नाही ना. मला माहीत होतं, आणि मी सांगितलं नाही.”