मागचं सीट

वडिलांची मोपेड गावच्या वाचनालयाला स्मारक म्हणून द्यायचं ठरलं, तेव्हा आईने एकच अट घातली होती. मागचं सीट काढायचं नाही.

वडील गोदावरीकाठच्या आमच्या गावात मास्तर होते आणि कविता करायचे. शाळा सुटली की आईला मागे बसवून ते मळ्यांच्या रस्त्याने चक्कर मारत. कविता त्यांना गाडीवरच सुचायची, पण हातात हँडल असल्यामुळे लिहिता यायचं नाही. मग मान तिरकी करून ते ओळ मागे सांगत आणि आई ती घर येईपर्यंत तोंडात घोळवत ठेवी. घरी चहाचं आधण ठेवता ठेवता ती ओळी म्हणायची, ते लिहून घ्यायचे. मधेच एखादा शब्द ती बदलायची.

"असं नव्हतं सांगितलं मी."

"असंच बरं लागतंय की."

बहुतेक वेळा तिचाच शब्द राहायचा. नगरच्या हॉस्टेलवरून सुट्टीला आले की मी हे दारातून बघत असे. मी इंग्रजी शाळेतली. त्यांच्या कविता मला अजूनही ओळीखाली बोट धरून वाचाव्या लागतात.

ते गेल्यावर आई माझ्याकडे केडगावला आली. स्मारक समितीचे अध्यक्ष वडिलांच्याच शाळेतले शिक्षक. ते टेम्पो घेऊन गाडी न्यायला आले, तेव्हा आईने त्यांना अट पुन्हा सांगितली.

"वहिनी, स्क्रूसुद्धा हलणार न्हाई," ते म्हणाले.

कार्यक्रमाला आम्ही एसटीने गेलो. वाचनालयाच्या व्हरांड्यात सिमेंटचा चौथरा केला होता. पाहुण्यांनी वरचा कपडा ओढला आणि टाळ्या पडल्या. गाडीला सोनेरी ऑइलपेंट दिला होता. टायर, आरसा, हेडलाइटची काचसुद्धा सोनेरी.

"अगं बया, देवाचं वाहनच की!" मागच्या बाईंचं बोलणं ऐकून आजूबाजूच्या बायका हसल्या.

मी आईकडे पाहिलं. ती गाडीच्या मागच्या भागाकडे बघत होती. सीट नव्हतं. सीटचे बोल्ट काढलेली भोकं रंगाने अर्धवट बुजली होती.

एक वक्ते म्हणाले, सर रोज संध्याकाळी एकटेच रानात जायचे, एकांतातच त्यांना कविता भेटली. आई मांडीवर हात ठेवून ऐकत होती. शाल-नारळ झाल्यावर तिने अध्यक्षांना हळूच विचारलं, "भाऊजी, मागचं सीट?"

"ते लई फाटलं हुतं, वहिनी. आतला फोम बाहेर आल्ता. फोटोत बरं दिसंना. आन् कवी म्हटला की एकटाच शोभतो."

"मी बसायचे त्याच्यावर."

"तुमी आता पुढच्या रांगेत बसायचं, वहिनी!"

सगळे हसले. ते वाईट बोलले नव्हते. आईसाठी पंख्याखाली खुर्ची त्यांनी स्वतः आणून ठेवली होती.

आई उठून चौथऱ्याजवळ गेली आणि सीट होतं त्या रिकाम्या जागेवर तिने तळवा टेकला.

"ओला हाय! अहो, रंग ओला हाय!" कोणीतरी ओरडलं. तिने हात उचलला, तेव्हा तिथे बोटं उमटली होती. रॉकेलचं फडकं आणलं गेलं. तिने हात पुसून घेतला, पण नखांच्या कडेला सोनेरी राहिलंच. बसमध्ये ती पूर्ण रस्ता खिडकीबाहेर बघत होती.

काही दिवसांनी अध्यक्षांचा मेसेज आला. फोटोत गाडी पुन्हा रंगवलेली, गुळगुळीत, भोवती साखळी. खाली लिहिलं होतं: ताई, 'कृपया हात लावू नये' असा फलक करतोय. शिर्डीला येणारे बाहेरचे लोकही इकडे वळतील. इंग्रजीत काय लिहायचं ते कळवा, तुमचं इंग्रजी पक्कं.

आई मेथी निवडत होती. मी फोन तिच्यापुढे धरला. तिने दोन बोटांनी फोटो मोठा करून मागची बाजू पाहिली.

"बुजवलीत वाटतं बोटं," ती म्हणाली.

"नको म्हणून सांगू का त्यांना?"

"कशाला? दे लिहून. तेवढं तरी तुझ्या शाळेचं कामाला येईल."

"तुला पुन्हा जायचं असलं तर?"

"आता तिथं माझं काय हाय?" तिने काड्या बाजूला सारल्या आणि पुढची जुडी सोडली.

मी टाइप केलं, 'प्लीज डू नॉट टच.' स्पेलिंग एकदा तपासलं आणि पाठवलं. लगेच त्यांचे जोडलेले हात आले.