चुलीपाशी उभी असलेली

पेपरात एका विलायती कवीचा फोटो आला होता. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात कुणाचं तरी पुस्तक, आणि तोंड असं की आमटीत केस सापडलाय. माझी शाळा चौथीत सुटली, बारीक अक्षर लागत नाही, म्हणून माहेरी आलेली लेक वाचून दाखवत होती. हा गृहस्थ स्वतः कविता करतो, आणि दुसऱ्यांच्या कविता बऱ्या की वाईट तेही छापतो. जन्मभर हेच केलं. कुणी एकानं बायको गेल्यावर कवितांचं पुस्तक काढलं, तर यानं लिहिलं, दुःख अजून मुरलेलं नाही.

मला शिसारी आली. "थू त्याच्या शहाणपणावर! बायको गेलेल्या माणसाला नापास करणारा हा कोण टिकोजीराव?"

लेक पेपरची घडी घालत म्हणाली, "आबा, तुम्ही आईला कधी पास केलंत?"

पहिला घास माझ्या तोंडात जाईपर्यंत तिची आई चुलीपाशी पळी धरून उभी राहायची. मी सावकाश चावायचो आणि म्हणायचो, मीठ कमी. कमी नसलं तरी म्हणायचो. पुरुषानं काहीतरी खोट काढायचीच असते, एवढंच डोक्यात. तो विलायती माणूस निदान कधीमधी चांगलं म्हणत असेल.

ती गेल्यापासून मीच रांधतो. त्या दिवशी आमटी खरंच अळणी झाली होती.

"मीठ देऊ?" लेकीनं विचारलं.

मी नको म्हणालो, आणि वाटीभर आमटी तशीच प्यालो.