काळ्या पोतीतला मणी

"झटकू नगं, गड्या! धुळीत काय हाय कुणाला ठावं?"

विट्यातल्या माझ्या मोबाइलच्या दुकानात पाऊल टाकलं की तात्यांचं पहिलं वाक्य हेच. मी सकाळी काउंटरवर फडकं मारत असायचो आणि हे दारातूनच ओरडायचे. मग खिशातला रुमाल काढून सगळी बोटं त्यात पुसायची, पुसलेली बाजू आत घेऊन घडी घालायची आणि रुमाल परत खिशात. माझ्या काउंटरवर चार्जरच्या वायरी आणि माश्यांशिवाय काय असणार? पण नाही, घडी व्यवस्थितच.

तुम्ही आमच्या भागातले असाल तर ही सवय कुठली ते एव्हाना ओळखलं असेल. आमच्याकडं घरटी एक माणूस गलईत. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं, तो हा धंदा. तात्या मिसरूड फुटायच्या आत सेलमला गेले ते म्हातारे होऊनच परत आले. गलईच्या दुकानात हात धुतलेलं पाणीसुद्धा फेकत नाहीत, आणि दारातलं पायपुसणं जाळून त्याच्या राखेतनं सोन्याचा कण काढतात. असा माणूस मला फडकं मारू देतोय होय!

एकदा पोराचा जुना मोबाइल घेऊन आले. "ह्यात वरनं नदी दिसती म्हणं. तेवढं शिकव."

"कशाला?"

"सोनं हुडकायचंय."

मी एवढ्या मोठ्यानं हसलो की शेजारचा चहावाला डोकावला. "आवं तात्या, येरळंत सोनं? तिच्यात पाणी सापडंना झालंय!"

ते हसले नाहीत. स्टुलावर बसले आणि काकींच्या गळ्याची गोष्ट सांगितली. काकी म्हणजे त्यांची बायको. लग्न नवं होतं तेव्हा तात्यांनी काकींसाठी स्वतःच्या हातानं डोरलं, म्हणजे काळ्या पोतीत ओवायचा सोन्याचा मणी, घडवलं होतं. ते पुरं झालं त्याच सकाळी दुकानात एक बाई आपलं डोरलं मोडायला आली होती. नवरा दवाखान्यात, आणि हिचे डोळे सुजलेले. काकी तेव्हा मागच्या खोलीत भाकरी थापत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. रात्री तात्यांनी नवं डोरलं पुढं केल्यावर काकींनी एवढंच विचारलं, "ह्ये कुणाच्या गळ्यातलं हाय?"

गलईत सगळ्यांचं सोनं एकाच मुशीत वितळतं, कुणाचं कुठलं ते कोण सांगणार? काकींनी ते घातलं नाही. तेव्हापासून गळ्यात नुसती काळी पोत. भांडण नाही, रुसवा नाही, संसार सोन्यासारखा झाला. पण पोतीत मणी नाही.

"ज्याच्यापायी कुणी रडलं न्हाई असा येक मणी तिला द्यायचाय," तात्या म्हणाले. "त्यो दुकानात मिळत न्हाई. नदीतच मिळंल."

मग काय, शिकवणी सुरू. नकाशा ऑफलाइन कसा उतरवायचा, निळा ठिपका म्हणजे आपण, बोट दाबून धरलं की खूण पडते, खुणेला नाव कसं द्यायचं. डोकं फिरायची वेळ आली. एकदा खूण पडली ती थेट समुद्रात. पण नदी वरून दिसली तेव्हा म्हातारा लहान पोरासारखा हरखला. "बग, बग! ह्या वळणाला धार मंद हुती. जड माल हितंच बसणार." दुकानातली माती धुताना सोनं तळाला कसं बसतं ते त्यांना पाठ होतं. नदी म्हणजे त्यांच्या लेखी मोठी परातच.

दुकानाच्या सुट्टीला मीही जायचो. वर खटाव-वडूजपासून खाली तासगावापर्यंत येरळेची वळणं आम्ही पायाखाली घातली. गळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत मोबाइल, काखेत सेलमहून आणलेली दुमडलेल्या काठाची लोखंडी परात. एका गावानं आम्हाला पवनचक्कीवाले समजून चहा पाजला आणि जमिनीचा भाव विचारला. दुसऱ्या गावानं वाळूचोर म्हणून धरलं. "येका परातीची चोरी करायला यवढ्या लांबनं यील का रं कोण?" तात्या चिडून म्हणाले, तेव्हा कुठं सोडलं.

वाळू धुवायची, तळ बघायचा आणि खुणेला नाव द्यायचं: न्हाई. पुढं चालायचं. परत न्हाई. आपला खडक काळा, त्यात सोनं कुठलं, हे त्यांना दहा जणांनी सांगितलं असेल. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "नसंल तर नसंल. पर मी बगितल्याबिगर कसं नसंल?"

आणि एके दिवशी चमकलं!

तासगावच्या अलीकडं, एका वळणावर. सकाळीच परात हातातून सुटून खडकावर आदळली होती, तिच्या काठाची दुमड थोडी उकलली होती, म्हणून तात्या कुरकुरत होते. ती धुता धुता तळाशी पिवळे कण दिसले, रव्यासारखे. खोटं कशाला सांगू, मी नाचलो. बाजरीच्या दाण्याएवढा मणी सहज झाला असता. तात्या परात हातातून सोडीनात, म्हणून खुणेचं नाव मीच टाइप केलं: हाय.

घरी आल्यावर त्यांनी कण वितळवून कसोटीच्या दगडावर घासले. काकी दारात उभ्या होत्या. तात्यांनी रेघेवर तेजाबाचा थेंब टाकला, तशी ती फिकी पडली. मग परात जवळ ओढली आणि काठाच्या उकललेल्या दुमडीत नख घालून बघितलं. नखाला पिवळं लागलं.

"ह्यात तांबं हाय," ते म्हणाले. "नदी काय तांबं मिसळत बसत न्हाई. दुकानातलंच हाय ह्ये. काठात बसलं हुतं."

आयुष्यभर ज्या परातीत लोकांच्या मोडीची माती धुतली, तीच घेऊन आम्ही नदीवर हिंडत होतो. मला रडू आलं, राग आला. काकी आत गेल्यावर मी कुजबुजलो, "तात्या, द्या की तोच मणी. काय हुतंय?"

"ती इचारणार, कुणाच्या गळ्यातलं हाय? मग म्या काय सांगू?"

माझ्याकडून मोबाइल घेऊन त्यांनी एकेक अक्षर शोधत 'हाय' पुसलं आणि 'न्हाई' लिहिलं. दुसऱ्या दिवशी बाजारातून निळं प्लास्टिकचं टोपलं आणलं. "आता ह्यात कुणाचंबी काय न्हाई," म्हणाले, आणि वरच्या वळणापासून सगळं पुन्हा धुवायला घेतलं. मी हात जोडले. पण गेलो त्यांच्याबरोबर.

पुढं तात्यांचं छातीचं दुखणं निघालं. मिरजेच्या दवाखान्यात भेटायला गेलो तर नळ्या लावलेला म्हातारा मोबाइलवर आता दुसरीच, अग्रणी नदी बघत होता. "हितं नेट लय ब्येस हाय. खालपत्तूर नकाशा उतरवून दे." मी दिला. ते पडल्या पडल्या वळणांवर खुणा टाकत राहिले. नाव सगळ्यांना एकच: बघायचंय.

तिथून ते परत आले नाहीत.

दहाव्याला बायका काकींची पोत काढायला जमल्या. काकींनी गळ्यावर हात ठेवला. "ह्यात मणी पडायचाय आजून," म्हणाल्या. "काढू नगासा." एक म्हातारी रीत सांगायला लागली, भावकीतल्या कुणीतरी डोळे वटारले. काकींनी हात काढला नाही. शेवटी बायका उठून गेल्या.

परवा सकाळी मी काउंटरवर फडकं मारत होतो. दारात काकी. तात्यांचा मोबाइल त्यांनी पदरातून काढला, माझ्यापुढं ठेवला.

"लेका, ह्यात म्होरली खूण कुटली हाय?"

मी अग्रणीचं पहिलं वळण दाखवलं. बघायचंय. त्यांना अक्षर येत नाही, म्हणून निळा ठिपका दाखवला आणि सांगितलं, हा ठिपका खुणेवर जाईस्तोवर चालायचं.

"यष्टी जाती?"

"फाट्यापत्तूर जाती. पण काकी, रविवारपर्यंत थांबा, मी येतो."

"तू ये की रईवारी," त्या म्हणाल्या. "तवर म्या धुवून घिती."

आणि पायरीवर ठेवलेलं निळं टोपलं त्यांनी काखेत मारलं.