परबांच्या गाडीचा डावा दरवाजा

हे मी आजवर कुणापुढेच बोललेलो नाही. बायकोपुढे नाही, आईपुढे नाही. दोनदा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा दुकानाची जाहिरात लिहून उठलो — एवढी माझी लायकी. आता तुम्ही समोर बसला आहात असं धरून लिहितो. मध्येच अडखळलो तर समजून घ्या — नाही, समजून घेऊ नका. नुसतं वाचा.

जूचंद्रला रस्त्याच्या कडेला माझं कार डिटेलिंगचं दुकान आहे. गाडी धुण्याचं नव्हे. हे दिवसातून चार वेळा सांगतो आणि चार वेळा चिडतो. धुणं वेगळं. आम्ही रंगावरचे ओरखडे, डाग काढतो, गाडीची मूळ झळाळी परत आणतो. बाप मिठागरावर राबला. आमच्या सगळ्या भावकीत पदवी घेणारा पहिला मी. बी.कॉम.चं सर्टिफिकेट फ्रेम करून काउंटरमागे लावलंय. घरी मी ‘पानी’ म्हणतो, दुकानात ‘पाणी’. लोक फ्रेमला हसतात. हसू देत. ती मी फुकट मिळवलेली नाही — पण तिच्या जोरावर मी काय केलं, ते सांगायचंय.

गणपतीच्या आधीचा आठवडा म्हणजे आमच्याकडे जत्रा. इथली कोकणातली माणसं गाड्या घेऊन गावी निघतात, आणि प्रत्येकाला गावात चकचकीत गाडीतून उतरायचं असतं. चार वर्षांपूर्वी त्याच आठवड्यात परब आले. मुंबईत नोकरी, विरारला फ्लॅट, मोजून बोलणारा माणूस. गाडी काळी. धाकट्या भावाने, सुहासने, सात वर्षं वापरून त्यांना दिलेली. दरवर्षी दोघे भाऊ त्याच गाडीने गावी जायचे. बायकामुलं आधीच पुढे गेलेली असायची. वर्षभरातल्या आमच्या गप्पा त्या गाडीतच होतात, असं परब मला स्वतः म्हणाले होते.

त्यांच्या सोसायटीच्या गेटला कुणीतरी कंप्रेसरने पांढरा रंग मारला, आणि वाऱ्याने तो गेटशेजारी उभ्या असलेल्या गाडीवर आणून बसवला. दुरून धूळ वाटायची. पण हातात प्लास्टिकची पिशवी घालून पत्र्यावरून फिरवली की अख्खी गाडी पॉलिशपेपरसारखी खरखरीत. असे उडालेले रंगाचे कण काढायला एकच सरळ रस्ता असतो. साबणाचं पाणी मारायचं, क्ले नावाचा चिकणमातीसारखा गोळा घ्यायचा, आणि वीत-वीत जागा हलक्या हाताने घासत जायचं. गोळा मळला की पुन्हा मळून घ्यायचा, कणकेसारखा. घाई केली की संपलं. दीड दिवस मी तेच केलं. बॉनेट झालं, टप झाला, उजवी बाजू झाली. बाहेर आणखी तीन गाड्या उभ्या. फोन थांबेना. आणि मागचा डावा दरवाजा — तिथले ठिपके काही केल्या हलेनात. गेटच्या सगळ्यात जवळ तीच बाजू असणार.

वैतागलो. क्ले फेकला आणि बफिंगचं मशीन उचललं, सगळ्यात खरखरीत कंपाउंड, म्हणजे घासायची पेस्ट, लावून.

दिनेशभाऊ माझ्याकडे कामाला, वयाने माझ्याहून मोठे. ते पलीकडून म्हणाले, “शेठ, कडेला टेप मारून घ्या.”

दरवाजाच्या घडीवर, कडेवर रंग पातळ असतो. मशीन तिथे जाऊ नये म्हणून टेप मारतात. हे मला माहीत नव्हतं का? मीच तर इतरांना शिकवतो! पण बारावी नापास माणसाने मला सांगावं, याचाच राग आला. “भाऊ, तुमचं तुम्ही बघा,” म्हणालो. टेप मारला नाही.

अर्धं मिनिट लागलं असेल. मशीन उचललं तर घडीवर चार बोटं लांबीचा पट्टा — चमक गेलेली, आणि मधोमध खालचा करडा प्रायमर दिसतोय.

आता खरं सांगायची वेळ होती. परबसाहेब, चूक झाली, दरवाजा रंगवून देतो. एवढं एक वाक्य. खर्च मला झेपला असता. मग काय झेपलं नाही? दिनेशभाऊंसमोर ते वाक्य उच्चारणं? की त्या फ्रेमखाली उभं राहून ‘मला जमलं नाही’ म्हणणं? मी हे चार वर्षं स्वतःला विचारतोय आणि स्वतःवरच खेकसतोय.

परब आले तेव्हा मी म्हणालो — आवाजसुद्धा हलला नाही माझा — “हा दरवाजा आधी रंगवलेला आहे. गाडी कधीतरी ठोकलीय. कंपनीचा नव्हे, बाहेरचा रंग होता, मशीन लागताच उडाला.”

आणि वर रंगाची जाडी मोजायचं मीटर काढलं. त्या पट्ट्यावर धरलं, मग उजव्या दरवाजावर. “बघा, आकडा वेगळा येतोय.” आकडा वेगळा होताच. कमी होता, कारण मीच घासून कमी केला होता. पुन्हा रंगवलेल्या पत्र्यावर आकडा वाढतो, कमी होत नाही. पण ते परबांना कुठून कळणार? त्यांना एवढंच दिसलं, की मशीन बोलतंय आणि शिकलेला माणूस अर्थ सांगतोय.

त्यांनी त्या पट्ट्यावरून बोट फिरवलं. “सुहास बोलला नाही मला,” एवढंच म्हणाले.

इथे थांबलं असतं तरी... नाही थांबलं. दुसऱ्या दिवशी ते सुहासला घेऊन आले. मला आणखी एक संधी मिळाली होती, तुमच्या लक्षात येतंय ना? सुहास भांडायला आलाच नव्हता. हसतच म्हणाला, “काय राव, गाडी सात वर्षं मी चालवली आणि ठोकली तुम्ही?”

मी पुन्हा मीटर काढलं. पुन्हा दोन्ही आकडे दाखवले. या वेळी जरा जास्तच समजावून.

सुहासचं हसू गेलं. तो भावाकडे वळला. “दादा, तू माका वळखतंस ना?”

परबांनी भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट केलं. “शिकलेला माणूस आहे तो. खोटं बोलून त्याला काय मिळणार?”

दिनेशभाऊ पाठमोरे टायर पुसत होते. तोच टायर, परत परत.

त्या वर्षी परब एकटेच गाडी घेऊन गावी गेले. पुढच्या वर्षी सुहासने गावी न जाता स्वतःच्या घरीच वेगळा गणपती बसवला. आता दोघे भाऊ बोलत नाहीत. मला कसं माहीत? परबच सांगतात. माझं दुकान त्यांनी सोडलं नाही. दरवर्षी गावाहून आले की दुकानात प्रसादाचं खोबरं आणून देतात, आणि मी ते उभ्या उभ्या खातो.

सांगेन, सांगेन असं प्रत्येक वर्षी ठरवलं. चिडायला दुसरं कुणी सापडेना म्हणून गिऱ्हाइकांवर चिडलो, क्लेच्या गोळ्यावर चिडलो, एकदा तर विनाकारण आईवर ओरडलो.

गेल्या महिन्यात परबांनी ती गाडी विकायला काढली. व्यवहार माझ्याच दुकानासमोर झाला, गाडी धुऊनपुसून मीच उभी केली होती. घेणारा जवळच्या गिरीज गावचा, बागायतीची वाडी असलेला, बायकोला सोबत घेऊन आलेला. त्याला गाडी पसंत पडली, हात पुढे केला. परबांनी त्याला थांबवलं. त्याला डाव्या बाजूला नेलं आणि मागच्या दरवाजावर बोट ठेवलं.

“हे आधी ऐका. ही गाडी ठोकलेली आहे. माझ्या भावाने मला सांगितलं नव्हतं. पण मी तुमच्यापासून लपवणार नाही.”

तो माणूस बायकोकडे बघून माझ्याकडे वळला. “आजकाल एवढं खरं कोण बोलतो हो?”

मी म्हणालो, “कुणी नाही.”