दादाच्या प्रेसवरचं झाकण

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये दादाचा गाळा आहे. तिथल्या पॉवर प्रेसवर दाराच्या बिजागऱ्या बनतात आणि प्रेस वहिनी चालवते. पत्रा साच्यावर ठेवायचा, हात काढायचा, पायानं पेडल दाबायचं. हात काढायला उशीर झाला तर काय होतं, हे त्या गल्लीतल्या कित्येकांच्या पंजाकडे पाहून कळतं.

दादानं त्यासाठी एक अडसर बनवला. साच्यात हात असेपर्यंत प्रेस खाली येत नसे. अडसरावर त्यानं रिव्हेट मारून पत्र्याचं झाकण बसवलं. आमच्या बाजारात नवी वस्तू सकाळी दिसली की संध्याकाळी शेजारी तयार होते. त्याला कुणी चोरी म्हणत नाही. दादानंही दुसऱ्यांच्या वस्तू पाहूनच धंदा उभा केला होता. त्यामुळे नक्कल होण्याची त्याची भीती ऐकीव नव्हती.

अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका कारखानदाराकडे सेन्सरचं सर्किट होतं. ते जोडलं तर अडसर कुठल्याही प्रेसवर चालला असता. पण दोघंही एकमेकांना म्हणत, आधी तुमचं उघडून दाखवा.

बदलापुरात पेटंटची कामं करणाऱ्या बाईंनी दादाला सांगितलं, "आधी अर्ज, मग झाकण. अर्जाची तारीख हातात असली की दाखवता येतं, भागीदारी करता येते. तोवर कुणालाच दाखवू नका. चारचौघांत उघडं पडलं तर ते नवं राहत नाही, मग पेटंट मिळत नाही."

अर्जाआधी दसरा आला. त्या दिवशी गल्लीतले सगळे गाळे उघडे असतात, शेजारी येऊन यंत्रांना हळदकुंकू वाहतात. आमचे वडील झाकण काढायला छिन्नी घेऊन पुढे झाले.

"झाकलेल्या यंत्राची कसली पूजा?"

दादानं त्यांचा हात धरला. समोरचा सिंधी दुकानदार मोबाइल काढून उभाच होता. "अरे साईं, आत सोनं आहे काय? एक फोटो तर काढू दे!"

सगळे हसले. दादा दिवसभर प्रेससमोरून हलला नाही.

अर्ज दाखल झाल्यावर आम्ही दुसरा नमुना घेऊन अंबरनाथला गेलो. अडसर दादाचा, सर्किट त्यांचं, माल दोघांचा, असा करार झाला. मग नमुन्यावरचं झाकण निघालं. कारखानदारानं बराच वेळ आत पाहिलं.

"ही स्प्रिंग तुटली तर?"

"तुटत नाही."

"शेठ, तुटली तर?"

दादानं स्प्रिंग बोटानं दाबून पाहिली. मग म्हणाला, "अडसर लागणार नाही. प्रेस खाली येईल."

"आणि झाकणामुळे बाहेरून कळणारही नाही. माझं सर्किट असतं तर प्रेस जागीच थांबला असता."

दादानं वहिनीला फोन लावला. तिनं उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. प्रेस चालू असला की तिला फोन ऐकू येत नाही. शेवटी त्यानं समोरच्या दुकानदाराला फोन केला. "मेन स्विच पाड. विचारू नको, पळ!"

फोनमधून चपलांचा आवाज आला, मग प्रेसचा, मग काहीच नाही. त्यानंतर वहिनी.

"कुणी बंद केलं? माल अर्धा राहिलाय!"

"हात कुठे आहे तुझा?"

"कमरेवर. का?"

संध्याकाळी गाळ्यातलं झाकण काढलं. स्प्रिंग शाबूत होती. वहिनीनं ती उजेडात धरून पाहिली.

"हे आधी कुणाला दाखवलं असतं तर ही खोट लगेच कळली असती ना?"

दादा हो म्हणाला. सर्किट बसेपर्यंत प्रेस बंद राहिला.